उच्चभ्रू म्हणजे श्रीमंतच का?

प्रश्न असा आहे: ‘उच्चभ्रू वस्तीत घरफोडी’ अशा बातम्या आपण वाचतो. तिथे उच्चभ्रू म्हणजे सरळ श्रीमंत समजायचं, की सुशिक्षित, चोखंदळ वगैरे? आणि भ्रू म्हणजे भुवई, तर भुवईचा पैशाअडक्याशी संबंध काय?

आधी भुवईचं बघू. ‘उच्चभ्रू’ हा संस्कृतातून चालत आलेला शब्द नाही. इंग्रजीतल्या ‘हायब्राउ’चं ते मराठीत केलेलं भाषांतर आहे, आणि भाषांतर करणाऱ्याने त्यात थोडी गंमत करून ठेवली आहे. इंग्रजीत ‘ब्राउ’ म्हणजे भुवई, तसंच कपाळही. ‘हायब्राउ’मध्ये कपाळ अभिप्रेत आहे. एकोणिसाव्या शतकात कवटीच्या आकारावरून माणसाची बुद्धी आणि स्वभाव ओळखण्याचं एक शास्त्र युरोप-अमेरिकेत बोकाळलं होतं. फ्रान्झ गॉल हा त्याचा मूळपुरुष. ज्याचं कपाळ उंच, त्याचा मेंदू मोठा, म्हणून तो बुद्धिमान, असा हिशेब. शास्त्र खोटं ठरलं, पण शब्द मागे उरला. मराठीत तो येताना कपाळ सुटलं आणि भुवई आली. एका अर्थी ते बरंच झालं, कारण ‘भुवया उंचावणे’ आपल्याकडे होतंच. उच्चभ्रू म्हटल्यावर भुवई वर करून आपल्याकडे बघणारा कुणीतरी डोळ्यांसमोर येतो. ‘उच्चकपाळी’ने हे साधलं नसतं. (जाता जाता: ‘ब्राउ’ आणि ‘भ्रू’ हे सख्खे नातेवाईक आहेत, एकाच प्राचीन मूळ शब्दाची लेकरं.)

म्हणजे मुळात हा शब्द बुद्धीचा आणि अभिरुचीचा, त्यात पैसा कुठेच नाही. समीक्षेत ‘उच्चभ्रू वाचक’ किंवा ‘उच्चभ्रू अभिरुची’ असं अजूनही लिहितात, तिथे जुना अर्थ टिकून आहे. बाकी सगळीकडे तो पैशाकडे सरकला. एक वाक्य उलटसुलट करून बघा. ‘तो श्रीमंत आहे, पण उच्चभ्रू नाही’ हे कुणालाही पटकन कळतं. ‘तो उच्चभ्रू आहे, पण श्रीमंत नाही’ म्हटलं की ऐकणारा क्षणभर अडखळतो. निवृत्त प्राध्यापक, दोन खोल्या, भिंतभर पुस्तकं आणि इतरांच्या आवडीनिवडीबद्दल तुच्छता, असं काहीतरी पुढे जोडावं लागतं. तेव्हा आजच्या वापरात उच्चभ्रूला पैसा लागतो, पण नुसता पैसा पुरत नाही. राहणी, इंग्रजी आणि चारचौघांपासून राखलेलं अंतर, हे सगळं त्यात येतं. शिवाय हा शब्द दुसऱ्यासाठीच वापरतात. ‘आम्ही उच्चभ्रू’ असं गंभीरपणे म्हणणारा माणूस मी तरी ऐकलेला नाही. घरांच्या जाहिराती बघा: तिथे ‘आलिशान’ आणि ‘प्रतिष्ठित’ असतं. त्याच इमारतीत चोरी झाली की बातमीत ती उच्चभ्रू होते.

मात्र असं सरकणं मराठीला नवं नाही. खुद्द ‘श्रीमंत’ घ्या. संस्कृतातल्या ‘श्रीमत्’पासून श्रीमान, श्रीमंत आणि श्रीमती हे तिन्ही शब्द आले. ‘श्री’ म्हणजे संपत्ती, तशीच शोभा, तेज आणि वैभवही. पेशवाईतल्या पत्रांत नुसतं ‘श्रीमंत’ लिहिलं की पेशवे समजायचं. राजघराण्यांतल्या नावांआधी आजही ‘श्रीमंत’ लावतात आणि पुण्याच्या दगडूशेठ हलवाई गणपतीच्या आधीही. तिथे तो मानाचा शब्द आहे. त्या बाप्पाकडे सोनंही भरपूर आहे, हा भाग वेगळा. रोजच्या बोलण्यात मात्र मान गळून गेला आणि पैसा तेवढा राहिला. ‘अमीर’चंही तेच. अरबीत अमीर म्हणजे हुकूम करणारा, सरदार. ‘उमराव’मधला उमरा हे त्याचंच अनेकवचन, त्यामुळे ‘अमीर-उमराव’ म्हणताना आपण एकच शब्द दोनदा म्हणतो. हिंदी-उर्दूत या सरदाराचा नुसता पैसेवाला झाला. दर्जा सांगणारे शब्द असे पैशाकडे घरंगळत जातात. उलटा प्रवास मला सापडत नाही: ‘धनाढ्य’, ‘गब्बर’ किंवा ‘पैसेवाला’ यांना कितीही वर्षं वापरलं तरी मानाची झूल चढलेली नाही. ‘धनदांडगा’ची तर गोष्टच सोडा, त्यात पैशाबरोबर दांडगाई आलीच.

‘गर्भश्रीमंत’ आणि ‘नवश्रीमंत’ या जोडीबद्दलही विचारलं आहे. गर्भश्रीमंतात जराशी असूया असली तरी दोष नाही, कारण पैसा जन्मापासूनचा. नवश्रीमंतात दोषच जास्त: पैसा आला, पण वापरायचं वळण आलं नाही, असा टोमणा त्यात असतो. हा टोमणा अर्थातच जुन्या पैसेवाल्यांच्या सोयीचा आहे. ‘नवकोट नारायण’मधला ‘नव’ मात्र वेगळा. तो नऊ कोटींचा धनी, नवा नव्हे. ‘सुखवस्तू’ यांच्या बराच खाली, म्हणजे ददात नाही आणि उधळायलाही नाही. ‘घरंदाज’ला पैशाची अट नाही, घराण्याची आहे.

लिहिताना दोन जागी हमखास घसरायला होतं. ‘उच्चवर्गीय’ आणि ‘उच्चवर्णीय’ यांत एका अक्षराचा फरक आहे, पण पहिला आर्थिक-सामाजिक वर्गाबद्दल बोलतो आणि दुसरा जातिव्यवस्थेबद्दल. एकाच्या जागी दुसरा पडला की लेखाचा विषयच बदलतो. दुसरं म्हणजे ‘कोट्याधीश’. लक्ष आणि अधीश मिळून लक्षाधीश, अब्ज आणि अधीश मिळून अब्जाधीश, म्हणून कोटीलाही काना द्यायचा मोह होतो. पण कोटीच्या शेवटी ‘ई’ आहे, तिचा ‘य’ होतो आणि शब्द बनतो कोट्यधीश. कोट्यवधीचंही तसंच. आणि भ्रू दीर्घ लिहा, ‘उच्चभ्रु’ चुकीचं.

राहिला घरफोडीचा मथळा. चोरीला काय गेलं आणि कुठून गेलं, हे सांगितल्यावर तिथे ‘उच्चभ्रू’ कशाला हवं, हे मला कळलेलं नाही. माझ्या हातात असतं तर मी तो शब्द काढून टाकला असता.