गर्भजलातल्या लॅमेलर बॉडी मोजताना

बडोद्याच्या लॅबमध्ये नवा आहेस, म्हणून आधीच सांगतो: गर्भजल सेंट्रिफ्यूजमध्ये (नळी गरगर फिरवणाऱ्या यंत्रात) घालायचं नाही. लॅमेलर बॉडी, म्हणजे बाळाच्या फुप्फुसांतून गर्भजलात येणारे सूक्ष्म कण, तळाशी बसतात नि काउंट खोटाच कमी येतो. नळी 5 वेळा हलकेच उलटसुलट कर, 2 मिनिटं रॉकरवर (नळी हळू डोलवणाऱ्या यंत्रावर) ठेव. सेल काउंटरचा (पेशी मोजणाऱ्या यंत्राचा) प्लेटलेट बॅकग्राउंड, म्हणजे नमुन्याविना येणारा आकडा, शून्य आल्यावरच नमुना लाव. दोन्हींचा आकार साधारण सारखा, म्हणून यंत्रातला प्लेटलेटचा आकडा तोच लॅमेलर बॉडीचा. मायक्रोलिटरला 50,000च्या वर म्हणजे फुप्फुसं बहुधा तयार. 15,000च्या खाली बाळाला श्वासाचा त्रास होण्याचा धोका मोठा. रक्त, मेकोनियम (बाळाची पहिली शी), चिकट स्राव दिसला तर नमुना परत कर. रक्तातल्या प्लेटलेटही त्यातच मोजल्या जातात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात लोक नमुना बर्फात गाडून पाठवतात. गोठलेला असला तर तोही बाद. आणि हो, आकडा चांगला आला एवढ्यावरून 39 आठवड्यांआधी विनाकारण प्रसूती करत नाहीत.