‘शिळं’ पाणी ओतण्याआधी

या महिन्याच्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं पाण्याचीच आहेत. मी लातूरची. 2016 च्या उन्हाळ्यात माझ्या मेसमध्ये चाळीस मुलं जेवत होती, त्यामुळे या प्रश्नांची उत्तरं मी पुस्तकातून देत नाही.

प्रश्न : आमच्याकडे नळाला आठ दिवसांनी पाणी येतं. ते आलं की सासूबाई पिंपातलं, घागरीतलं उरलेलं सगळं पाणी ‘शिळं झालं’ म्हणून मोरीत ओततात. मी काही बोलले की वाद होतो. काय करू? (एक वाचक, अंबाजोगाई)

ताई, आधी एक सांगते, सासूबाईंना खोटं पाडायला जाऊ नका. त्यांच्या तरुणपणी रोज सकाळी आडावरून पाणी शेंदून आणायचं, कालचं सडा-सारवणाला वापरायचं, हीच घराची शिस्त होती. तेव्हा आडात पाणी होतं.

त्यांच्याशी निवांत बसून बोला. नळाला आज आलेलं पाणी आज तयार झालेलं नसतं. ते धरणात गेल्या पावसाळ्यापासून साठलेलं असतं. 2016 मध्ये मांजरा धरण कोरडं पडलं आणि आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. 12 एप्रिलच्या पहाटे पहिली गाडी आली. दहा वाघिणी, एकेकीत सुमारे 50 हजार लिटर. त्या वाघिणी आधी राजस्थानात कोट्याच्या कारखान्यात वाफेने धुऊन घेतल्या होत्या. सुमारे 340 किलोमीटर येऊन ते पाणी स्टेशनजवळच्या विहिरीत उतरलं, तिथून शुद्धीकरण केंद्रात गेलं, मग टँकरमध्ये. आमच्या गल्लीत येईपर्यंत त्याला किती दिवस झाले होते, कोणी मोजलं नाही. शेजारच्या आजींनी त्या पाण्याच्या घागरीला हळदकुंकू लावलं होतं. शिळं कोणीच म्हणालं नाही.

पाणी दिवसांनी खराब होत नाही. उघडं राहिलं, त्यात हात बुडाले, भांडं घाणेरडं असलं, तर खराब होतं. म्हणून प्यायच्या पाण्याचं भांडं वेगळं ठेवा, वर झाकण, आणि काढायला लांब दांड्याचं ओगराळं. पेला बुडवायचा नाही, पाहुणा आला तरी नाही. एवढं पाळलं आणि पाणी उकळून घेतलं, की उरलेलं प्यायचं पाणी पुढे वापरायला हरकत नाही.

मात्र सासूबाईंचं एका बाबतीत बरोबर आहे. साठवणीचं भांडं आठवड्यातून एकदा रिकामं व्हायलाच हवं. डेंग्यूचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि साधारण आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. बॅटरी घेऊन पिंपात पाहा. पाण्याच्या कडेला, भिंतीला काळे बारीक ठिपके चिकटलेले दिसले, तर ती अंडी असू शकतात. नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत, कोरडी राहूनही कित्येक महिने जगतात. काथ्याने खसाखसा घासावीच लागतात.

पण रिकामं करायचं म्हणजे मोरीत ओतायचं नाही. पाणी यायच्या आदल्या संध्याकाळी पिंपाचं पाणी जुन्या धोतराच्या दुपदरी फडक्यातून दुसऱ्या भांड्यात गाळा. फडक्यावर अळ्या आल्या तर अंगणात कोरड्या मातीवर झटका, गटारात नको. पिंप घासा, पालथं घाला. गाळलेलं पाणी संडास, फरशी, कपड्यांचा पहिला हात, यांना. माझ्या सासूबाईंना ‘ओतू नका’ पटलं नव्हतं, ‘संडासाच्या बादलीत ओता’ लगेच पटलं. मी मोरीपाशी रिकामी बादली ठेवायला लागले, एवढंच.

प्रश्न : क्लासच्या मुलांसाठी मेस चालवते. साठ ताटं, दोन वेळा. भांडी घासण्यातच टँकर संपतो. पत्रावळी परवडत नाहीत. (एक वाचक, लातूर)

तुमचं पत्र वाचून माझीच मोरी डोळ्यांसमोर आली. नळाखाली ताट धरून विसळणं आजपासून बंद करा. तीन टब मांडा. ताटातलं खरकटं आधी कोरडंच निपटून काढायचं, मग पावडरने घासून ताट पहिल्या टबात, दुसऱ्यात, तिसऱ्यात बुडवायचं. पहिला टब गढूळ झाला की तेवढाच फेकायचा. दुसरा पहिल्याच्या जागी सरकतो, तिसरा दुसऱ्याच्या, आणि नवं पाणी फक्त तिसऱ्यात. ते कडकडीत गरम घ्या. ताटं उन्हात उभी वाळवा, ओली एकात एक रचू नका. माझ्याकडे चाळीस मुलांच्या भांड्यांना दिवसाला दोन पिंपं, म्हणजे 400 लिटर लागायचे. टब मांडल्यावर दीडशेत भागायला लागलं.

वाट्याही बंद करा. खणांचं ताट आणलं की एका मुलामागे तीन भांडी कमी होतात. पाणी अर्धा पेला वाढा, मागितलं की पुन्हा द्या. पेल्यात उष्टं राहिलेलं पाणी मी रोज मोजायचे, एका पंगतीत एक बादली भरायची. तांदळाचं धुवण झाडांना घाला. स्वयंपाक करणाऱ्यांच्या हात धुण्याच्या पाण्यात मात्र काटकसर करू नका. मुलं आजारी पडली तर वाचवलेल्या पाण्याचं काय करायचं?

प्रश्न : आरओमधून बाहेर पडणारं पाणी झाडांना चालेल का? (एक वाचक, धाराशिव)

रोज नको. त्यात क्षार एकवटलेले असतात, कुंडीतली माती पांढरी पडते. फरशी आणि संडासाला बिनधास्त वापरा. एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर बाहेर जातं, तेव्हा नळीखाली बादली हवीच.

प्रश्न : आमच्या कार्यालयात पाटी लावूनही कोणी ऐकत नाही. (एक वाचक, सोलापूर)

पाटीने कोणी ऐकत नाही, दादा. आकडा दाखवा. गळक्या नळाखाली संध्याकाळी बादली लावून जा आणि सकाळी ती साहेबांच्या टेबलाशेजारी नेऊन ठेवा. नळाला पाणी नसताना तोटी उघडी टाकून जाणारे असतात, रात्री पाणी येतं आणि वाहून जातं. शेवटी निघणाऱ्याने सगळ्या तोट्या फिरवून जायचं, हे काम एकाच्या नावावर ठेवा. आणि फ्लशच्या टाकीत कपड्यांच्या निळीचे चार थेंब टाका. अर्ध्या तासात बटण न दाबता भांड्यात निळं पाणी उतरलं, तर टाकी आतून गळतेय. हा गळका नळ कानाला ऐकू येत नाही, म्हणून वर्षानुवर्षं चालू राहतो. माझ्या मुलाच्या कार्यालयात तीन टाक्यांपैकी दोन निळ्या निघाल्या होत्या. दुपारी प्लंबर बोलावला आणि दोन्ही टाक्यांतलं रबर बदलून घेतलं.