एफओबी घ्यावं की सीआयएफ? आणि एलसीएल, डीओ, डिमरेज म्हणजे नक्की काय?

तुम्ही लिहिलंय की पहिल्यांदाच चीनमधल्या निंगबो बंदरातून एक छोटं पॅकिंग मशीन मागवताय, पुरवठादाराने एफओबी (तिकडे जहाजावर चढवेपर्यंतचा भाव) आणि सीआयएफ (न्हावा शेव्यापर्यंतचं भाडं आणि विमा धरून भाव) असे दोन भाव दिलेत, दोन्हींत फरक जेमतेम आहे, मग सीआयएफच का घेऊ नये? शिवाय एलसीएल, डीओ, डिमरेज, डिटेन्शन हे शब्दही एकदा समजावून सांगा.

शब्दांच्या याद्या हव्या तेवढ्या मिळतील, त्या वाचून घ्या. मी लिहायला बसले ती तुमच्या पहिल्या प्रश्नामुळे. माल एलसीएलने येणार असेल, म्हणजे पूर्ण कंटेनर तुमचा नसेल, तर सीआयएफ घेऊ नका. फरक तीस डॉलरचा असो नाहीतर शून्याचा, घेऊ नका.

मी फोर्टमधल्या एका क्लिअरिंगच्या ऑफिसात डॉक्युमेंटेशन बघते. बिल ऑफ एंट्रीची (कस्टम्सला द्यायच्या आयात-घोषणेची) चेकलिस्ट बनवायची, फॉरवर्डरकडून (मालाच्या वाहतुकीची सोय करणाऱ्याकडून) डीओ काढायचा, न्हावा शेव्याला फील्डवर असलेल्या आमच्या मुलांपर्यंत कागद वेळेत पोचवायचे, हे माझं रोजचं काम. कायद्यात आता आम्हाला कस्टम्स ब्रोकर म्हणतात, पण मस्जिद बंदरपासून उरणपर्यंत सगळे अजून सीएचए (कस्टम हाउस एजंट) असंच म्हणतात.

माझ्या मोठ्या मामांचं भांडुपला वर्कशॉप आहे. त्यांनी तुमच्यासारखंच एक मशीन चीनहून मागवलं. दोन क्रेट, सगळं मिळून तीन सीबीएमच्या (घनमीटरच्या) जरा वर. पुरवठादाराने एफओबीचा भाव दिला आणि त्यावर फक्त तीस डॉलर जास्त घेऊन सीआयएफ न्हावा शेवा द्यायला तयार झाला. मामा खूश. मी तेव्हाच म्हटलं, "मामा, एफओबी घ्या. इथला फॉरवर्डर आपण ठरवू, तो सगळे चार्जेस लिहून देईल." त्यावर उत्तर आलं, "तू कागदं बघतेस. भाव मी गेली पंचवीस वर्षं करतोय. तीस डॉलरमध्ये तुझा फॉरवर्डर निंगबोहून माल आणून देतो का विचार." नाहीच आणून देणार. तीस डॉलरमध्ये तीन सीबीएम माल कोणीच आणू शकत नाही, आणि शंका यायला हवी ती तिथेच.

यामागचा व्यवहार असा असतो. चीनमधला कन्सोलवाला (अनेकांचा माल एकत्र करून पाठवणारा) पंधरा-वीस जणांचा माल एका कंटेनरमध्ये भरतो. लाइनला, म्हणजे जहाज कंपनीला, पूर्ण कंटेनरचं भाडं तोच भरतो. पण पुरवठादाराकडून तो सीबीएममागे जवळजवळ काहीच घेत नाही, कधी कधी तर माल मिळावा म्हणून उलट पुरवठादारालाच पैसे देतो. हा पैसा भरून निघतो न्हावा शेव्याला, त्याच्या इथल्या एजंटमार्फत. तो एजंट तुम्ही निवडलेला नसतो, त्याच्याशी तुमचा भाव ठरलेला नसतो, आणि त्याने डीओ दिल्याशिवाय सीएफएसमधून (बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामातून) तुमचा माल हलत नाही. डीओ म्हणजे डिलिव्हरी ऑर्डर. कस्टम्सने आउट ऑफ चार्ज (माल सोडायची परवानगी) दिलं, ड्युटी भरून झाली, गाडी द्रोणागिरीला सीएफएसपाशी येऊन उभी राहिली, तरी डीओ हातात नसेल तर गेटपास बनत नाही.

तुमच्या हातातलं बीएल (बिल ऑफ लेडिंग, जहाजावर दिलेल्या मालाची पावती) बहुधा हाउस बीएल असेल, तेही इथेच समजून घ्या. लाइनने कन्सोलवाल्याला दिलं ते मास्टर बीएल. कन्सोलवाल्याने तुमच्या पुरवठादाराला दिलं ते हाउस बीएल. लाइनच्या लेखी तुम्ही कोणीच नाही. त्यामुळे "मी थेट शिपिंग लाइनशी बोलतो" म्हणून मामांनी बेलार्ड इस्टेटला जाऊन जी धावपळ केली, तिचा काही उपयोग होणार नव्हता. तसं मी आदल्या रात्री फोनवर सांगितलंही होतं.

मामांचा अरायव्हल नोटीस (माल पोचल्याची सूचना) आला आणि पाठोपाठ एजंटचं बिल. डीओ फी, टीएचसी, सीएफएस हँडलिंग, डीस्टफिंग, डॉक्युमेंटेशन, ॲडमिन, आयजीएम, शिवाय कंटेनर इम्बॅलन्स नावाचा एक चार्ज. बरेचसे चार्जेस सीबीएमवर आणि डॉलरमध्ये. तीन सीबीएमच्या वर गेलेला माल चार धरलेला. डॉलरचा दर बँकेचा नाही, एजंटने स्वतः ठरवलेला. त्यावर जीएसटी. सगळं मिळून पन्नास हजारांच्या वर. ड्युटी आणि आयजीएसटी वेगळे.

आता ज्यामुळे मला आजही राग येतो ते सांगते. ही सगळी बिलं मामांच्या हातात आमच्या ऑफिसच्या डेबिट नोटला जोडून आली. पद्धतच तशी आहे. सीएचए पार्टीच्या (ग्राहकाच्या) वतीने पैसे भरतो आणि मग एकत्र डेबिट नोट काढतो. मामांनी पहिलं पान बघितलं, खालची बेरीज बघितली आणि सगळ्या नातेवाइकांत सांगत सुटले की क्लिअरिंगवाल्यांनी लुटलं, भाचीच्या ऑफिसात काम दिलं तरी सोडलं नाही.

मी एका रविवारी भांडुपला गेले. जेवणाच्या टेबलावर डेबिट नोट ठेवली, स्टेपलची पिन काढली आणि एकेक पान वेगळं केलं. हे एजंटचं बिल, त्याच्या लेटरहेडवर, त्याच्या जीएसटी नंबरने. ही सीएफएसची पावती. हे ड्युटीचं चलन, हा पैसा सरकारला गेला. हे गाडीचं भाडं. आणि आमच्या ऑफिसची एजन्सी फी ही एवढी एक ओळ, साडेतीन हजार. मामी चष्मा लावून प्रत्येक पान वाचत होती. तिला लगेच कळलं. तिने मामांना विचारलं, "मग हा एजंट आणला कोणी?" मामा म्हणाले, "चीनवाल्याने." मामी म्हणाली, "आणि चीनवाल्याला सीआयएफ कोणी सांगितलं?" त्यावर मामा उठून गॅलरीत गेले. अजूनही कुठल्या लग्नात भेटले की क्लिअरिंगवाले चोर हा विषय निघतोच, आणि मामी ताटावरून माझ्याकडे बघते.

सीएचए सगळे धुतल्या तांदळासारखे आहेत असं मी म्हणणार नाही. पण ज्या पैशाला आम्ही हातही लावत नाही, त्याचा ठपका आमच्यावर येतो, कारण कागद आमच्या नावाने पोचतो. कालची पार्टीही हेच बोलली.

आता सीआयएफबद्दल आणखी दोन गोष्टी, ज्या विकणारे सांगत नाहीत. पहिली जोखमीची. सीआयएफमध्ये भाडं आणि विमा विकणारा भरतो, म्हणून लोकांना वाटतं की न्हावा शेव्यापर्यंत जबाबदारी त्याची. तशी ती नसते. इन्कोटर्म्सप्रमाणे (व्यापारी अटींच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे) एफओबी काय किंवा सीआयएफ काय, माल निंगबोला जहाजावर चढला की जोखीम तुमची. हे नियम पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सचे, 1936 पासूनचे, सध्या 2020 ची आवृत्ती चालते आणि तिच्यात अकरा टर्म्स आहेत. दुसरी गोष्ट विम्याची. सीआयएफमध्ये विकणाऱ्यावर फक्त किमान विम्याचं बंधन आहे, म्हणजे इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेस सी. जहाज बुडालं, आग लागली असल्या मोठ्या आपत्ती त्यात येतात. चोरी, क्रेट आदळून पॅनल फुटणं, पाणी लागून मोटर खराब होणं यांतलं बहुतेक येत नाही. ए क्लॉजचा, म्हणजे सर्वात व्यापक, विमा इथून स्वतः काढा, प्रीमियम फार नसतो. 2021 मध्ये सुएझ कालव्यात अडकलेल्या एव्हर गिव्हनवर जनरल ॲव्हरेज जाहीर झालं होतं. म्हणजे जहाज सोडवण्याच्या खर्चात ज्यांचा माल सुखरूप होता त्यांनाही वाटा उचलायचा होता, आणि हमी दिल्याशिवाय माल मिळणार नव्हता. विमा असलेल्यांचं ते काम विमा कंपनीने केलं.

मामांचा आणखी एक मुद्दा होता, तो तुम्हालाही कोणीतरी सांगेल: "कस्टम्स ड्युटी सीआयएफवरच लावतं, मग सीआयएफच घेतलेलं बरं." ड्युटी सीआयएफ किमतीवर लागते हे खरं. पण एफओबीने घेतलं की आम्ही त्यात खरं भाडं आणि विमा मिळवून ती किंमत काढतो. त्यासाठी फॉरवर्डरचं भाड्याचं बिल आणि विम्याचा कागद जपून ठेवा. ते आकडे देता आले नाहीत तर 2007 च्या मूल्यांकन नियमांप्रमाणे एफओबीच्या 20 टक्के भाडं आणि 1.125 टक्के विमा धरला जातो. 20 टक्के म्हणजे बहुतेक वेळा खऱ्या भाड्यापेक्षा कितीतरी जास्त, आणि त्यावर ड्युटी तुम्ही भरणार.

बाकीचे शब्द थोडक्यात. सीबीएम म्हणजे घनमीटर, आणि तो क्रेटच्या बाहेरच्या मापाने मोजतात, मशीनच्या नाही. एलसीएलमध्ये एक सीबीएम किंवा एक टन, जे जास्त भरेल त्यावर भाडं. विमानाने आणाल तर एका सीबीएमला 167 किलो धरतात, म्हणून हलका पण मोठा माल तिथे महाग पडतो. टेलेक्स रिलीज म्हणजे पुरवठादाराने मूळ बीएल तिकडेच परत केलं, इथे मूळ कागदाशिवाय डीओ मिळतो. तुम्ही बाकीचे पैसे पाठवायला उशीर केला तर तो टेलेक्सही उशिरा देईल आणि माल सीएफएसमध्ये भाडं खात पडून राहील.

डिमरेज आणि डिटेन्शन: पुस्तकात कंटेनर आवारात फुकट मुदतीपलीकडे पडून राहिला तर डिमरेज, बाहेर नेऊन रिकामा परत द्यायला उशीर केला तर डिटेन्शन. आपल्याकडे आयातीत बहुतेक लाइनी जहाजातून उतरल्यापासून रिकामा यार्डात जाईपर्यंत सरसकट डिटेन्शन लावतात, आणि सीएफएसचं ग्राउंड रेंट वेगळं. तुमचा माल एलसीएल, तेव्हा कंटेनर परत करायची काळजी तुम्हाला नाही, फक्त सीएफएसचं भाडं बघा. बिल ऑफ एंट्री मात्र जहाज येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत फाइल झालीच पाहिजे. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज 5,000 रुपये, पुढे रोज 10,000. म्हणून सीएचएला इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि बीएलची कॉपी जहाज निघाल्याबरोबर पाठवा. अरायव्हल नोटीसची वाट बघत बसू नका.

आता जे आधीच सांगायला हवं होतं ते. पूर्ण कंटेनर असेल आणि बीएल थेट मोठ्या लाइनचं असेल, तर सीआयएफ इतकं वाईट नाही, लाइनचे इथले चार्जेस आधी विचारता येतात. पुरवठादार जुना, भरवशाचा असेल तर गोष्ट वेगळी. एफओबी घेतलं म्हणून इथले डीओ आणि सीएफएसचे खर्च शून्य होत नाहीत, ते आधी कळतात आणि त्यांवर घासाघीस करता येते एवढंच. आणि इथला फॉरवर्डरही स्वस्त भाडं दाखवून मागून बिल चढवू शकतो. म्हणून त्याच्याकडून भाड्यासोबत न्हावा शेव्याचे सगळे चार्जेस, रुपयात, जीएसटीसकट, ईमेलवर घ्या. फोनवरचा भाव धरू नका. तज्ज्ञ म्हणतील कंटेनरच्या मालाला एफओबी नाही, एफसीए (माल वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की जोखीम खरेदीदाराची) लिहावं. बरोबर आहे त्यांचं, पण निंगबोचा छोटा पुरवठादार तुमच्याशी एफओबीच बोलणार.

एवढं सांगूनही सीआयएफच घ्यायचं असेल, तर ॲडव्हान्स पाठवायच्या आधी पुरवठादाराला विचारा: न्हावा शेव्याचा एजंट कोण आणि त्याचे सीबीएममागे चार्जेस काय? प्रोफॉर्मा इन्व्हॉइसवर ते लिहून मागा. पैसे गेल्यावर तो उत्तर देणार नाही. मामांच्या पुरवठादाराने दिलं नाही.

क्रेटसकट मापं, वजन आणि मशीनचा एचएस कोड (कस्टम्सचा वर्गीकरण क्रमांक) खाली लिहा. फॉरवर्डरकडे कुठल्या चार्जेसचा भाव मागायचा त्याची यादी मी देईन.