बाबांची पाटी गडावर नको

प्रश्न: बाबांना जाऊन येत्या पौषात वर्ष होईल. नोकरी सांभाळून त्यांनी सह्याद्री पालथा घातला. राजगडावर विशेष जीव. तरी घरातलं एक आजारपण, शाळेतली एक पालकसभा चुकवली नाही. वर्षश्राद्धाला पद्मावती माचीवर त्यांच्या नावाची स्टीलची पाटी बसवायची आणि ५१ झाडं लावायची, असं भाऊ म्हणतो. मला पटत नाही. त्यावरून आमचं बोलणं बंद आहे. बाबांची सॅक, दोर, बूट, ट्रेकच्या वह्या तशाच पडून आहेत. आईला गुडघ्यांमुळे गड चढवत नाही. काय करू? – बाबांची लेक, पुणे

उत्तर: ताई, पाटीबद्दल तुमचंच बरोबर आहे, पण ‘मला पटत नाही’ एवढ्यावर भाऊ ऐकणार नाही, त्याला कारणं सांगा. राजगड राज्य संरक्षित स्मारक आहे. २०२५मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांतही तो आहे. तिथल्या दगडाला ड्रिल लावणं, नाव कोरणं हा गुन्हा ठरतो. पाटी बसवलीच, तरी आज ना उद्या कुणीतरी ती उखडणार. बाबांचं नाव असं उखडलेलं तुम्हा दोघांनाही सोसवणार नाही.

झाडांचा विचार चांगला आहे, पण जागा आणि वेळ दोन्ही चुकताहेत. तटाजवळ वड, पिंपळ, उंबर रुजला की मुळं चिऱ्यांच्या सांध्यांत शिरतात आणि बांधकाम फोडतात. पौषात पाऊस संपलेला असतो आणि पुढे पाच महिने कोरडे. रोपाला आठवड्याला १५ लिटर धरलं तरी ५१ रोपांना साडेसातशे लिटरच्या वर पाणी लागेल. माचीवर ते रोपांना घालायचं कुणी?

त्यापेक्षा पायथ्याच्या गुंजवण्यात, शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या जागेत, लेखी परवानगी घेऊन पाचच झाडं लावा. आंबा, जांभूळ, हिरडा, बेहडा, करंज. गुलमोहर आणि गिरिपुष्प नकोत, ती इथली नाहीत. दोन झाडांत किमान पंचवीस फूट अंतर हवं. वर्षश्राद्धाला फक्त जागा ठरवा, आणि पाणी घालणारा गावातला माणूस. त्याला दरमहा ठरलेले पैसे द्या. भिडेखातर पत्करलेलं काम फाल्गुनापर्यंतही टिकत नाही.

मे महिन्यात दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डे घेऊन पंधरा दिवस उन्हात तापू द्या. वरची माती, दोन घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत आणि अर्धा किलो निंबोळी पेंड मिसळून ते भरा. कच्चं शेण घातलं तर हुमणी (मुळं खाणारी अळी) लागते आणि कोवळी मुळं जळतात. जमीन चांगली भिजली की जूनअखेर किंवा जुलैत चार फुटी रोप लावा. पिशवी पूर्ण फाडून काढा आणि तळाशी गोल फिरलेली मुळं कात्रीने कापा. पिशवीसकट लावलेलं रोप पहिलं वर्ष हिरवं दिसतं, मग खुरटत जातं. बुंधा मातीत गाडू नका. पिशवीत होता तेवढाच राहू द्या. काठी सैल बांधा, शेळ्यांसाठी काटेरी कुंपण घाला. दिवाळीनंतर भोवतीचं तीन फूट गवत काढायचं, वणव्यासाठी. पाणी सलग तीन उन्हाळे.

दोर कुणालाही चढाईसाठी देऊ नका. नायलॉन न वापरताही कमकुवत होतो. बहुतेक उत्पादक न वापरलेल्या दोरालाही दहा वर्षांची मर्यादा घालतात. कुणी चुकूनही वापरू नये म्हणून हातभर तुकडे करा. बरेच दिवस पडून राहिलेल्या बुटांचा तळ अचानक सुटून येतो, तेही कुणाला देऊ नका. सॅक मात्र हौशी पोराच्या पाठीवर जायला हरकत नाही. आधी तिचे सगळे कप्पे आईसमोर रिकामे करा.

वह्या भावाकडे सोपवा. त्याला बाबांचं काहीतरी टिकून राहावं असं वाटतंय, आणि ते इथे आहे. शिवण न उसवता एकेक पान ३०० डीपीआयवर (स्कॅनरमधलं स्पष्टतेचं माप) स्कॅन करावं, फोटो ६०० वर. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नयेत, आहेत तिथेच टिपावेत. प्रती तीन ठिकाणी ठेवाव्यात, त्यांतली एक घराबाहेर. मग बाबांच्या सोबत्यांना बोलावून वही उघडून विचारा: या वाटेवर पाणी कुठे भरायचात, मुक्काम कुठे पडायचा, परतीची एसटी कुठे धरायचात? नेमकं विचारलं की माणसं तासन्‌तास बोलतात. फोनवर रेकॉर्ड करा.

एक गोष्ट मात्र तुमच्या पत्रात खटकली. भावाला काय हवं ते आहे, तुम्हाला काय नको तेही आहे. आई काय म्हणते ते कुठेच नाही. शनिवारी रात्री डबा भरून देणारी आणि रविवारी संध्याकाळी दाराकडे कान लावून बसणारी बाई तीच ना? बाबा डोंगरात जाऊ शकले ते तिच्या भरवशावर. पहिलं रेकॉर्डिंग तिचं करा. वर्षश्राद्धाला ती गुंजवण्यापर्यंत गाडीने येऊ शकते, गड तिथून समोर दिसतो. झाडांची जागा तिलाच निवडू द्या.

भावाला आजच फोन करा, आणि पाटीचा विषय न काढता वह्यांपासून सुरुवात करा.