शंकापेटी: जुन्या पोकेमॉनची डागडुजी

यावेळी पत्रं भरपूर आली आणि गंमत म्हणजे निम्म्याहून जास्त एकाच विषयावर, जुने पोकेमॉन गेम आणि फॅन लोकांनी त्यात केलेले बदल, म्हणजे ज्याला सगळे रॉम हॅक म्हणतात ते (रॉम म्हणजे गेमची फाइल). त्यामुळे बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात, आज फक्त हेच.

प्रश्न: शाळेत असताना सायबर कॅफेत एम्युलेटरवर (जुन्या गेम मशिनची नक्कल करणारा प्रोग्राम) फायर रेड हा पोकेमॉन गेम खेळायचो. आता पस्तिशी आली, परवा फोनवर परत चालू केला तर तासाभरात कंटाळलो. गेमच असा होता की मी म्हातारा झालो? मित्र म्हणतो ओरिजिनल सोड, हॅक खेळ. त्यात असं वेगळं काय असतं?
(एक वाचक, सांगली)

उत्तर: म्हातारे नाही झालात हो. फायर रेड २००४ चा, आणि तोही १९९६ च्या पहिल्या गेमची नवी आवृत्ती, त्यामुळे त्याच्या सवयी जुन्याच आहेत. आठवा जरा, झाड आडवं आलं की कट, अंधारी गुहा आली की फ्लॅश, पाणी आलं की सर्फ, आणि हे मूव्ह (पोकेमॉनचे डाव) एकदा शिकवले की सहजासहजी विसरताही येत नाहीत, म्हणून आपण सगळेच एक बिचारा पोकेमॉन फक्त हमालीला बरोबर घेऊन फिरायचो. धावायचे बूट मिळतात पण घरात शिरलं की परत चालत. गोलबॅट वाढवला तर तो रूप बदलून क्रोबॅट व्हायला लागतो आणि मधेच थांबतो, कारण नॅशनल डेक्स (सगळ्या पोकेमॉनची मोठी यादी) मिळेपर्यंत गेम होऊच देत नाही. कडाब्राचा अलाकझाम करायचा तर ट्रेड, म्हणजे दुसऱ्या खेळाडूशी अदलाबदल पाहिजे, आणि सायबर कॅफेत कुठली केबल आणि कुठला दुसरा गेमबॉय, आपल्यातल्या बहुतेकांनी अलाकझाम फक्त समोरच्याकडेच बघितला.

हॅकवाले आधी या कटकटी काढतात. बॅज (जिममधली लढाई जिंकल्याचा बिल्ला) मिळाला की झाड आपोआप कापलं जातं, मूव्ह शिकवायची गरज नाही, आणि ट्रेडवाले पोकेमॉन ठरावीक लेव्हलला किंवा एखादी वस्तू वापरून बदलतात.

पण खरा मोठा बदल आत असतो आणि तो मला सगळ्यात जास्त आवडतो. तिसऱ्या पिढीपर्यंत, म्हणजे फायर रेडच्या काळापर्यंतच्या गेममधे, मूव्ह फिजिकल (अटॅकच्या आकड्यावर चालणारा) की स्पेशल (स्पेशल अटॅकच्या आकड्यावर चालणारा) हे त्याच्या टाइपवरून, म्हणजे आग, पाणी अशा जातीवरून ठरायचं. फायर, वॉटर, आइस, इलेक्ट्रिक हे सगळे स्पेशल, विषय संपला. आता हिटमोनचॅन घ्या. बॉक्सर माणूस, अटॅक १०५, स्पेशल अटॅक फक्त ३५. त्याची ओळख काय तर आगीचा ठोसा, बर्फाचा ठोसा, विजेचा ठोसा. आणि हे तिन्ही ठोसे त्या ३५ वर चालायचे! म्हणजे बॉक्सर ठोसा मारतोय आणि गेम म्हणतोय हा ठोसा मनाच्या ताकदीने मारला. गॅराडॉसचं तेच, अटॅक १२५ आणि पाण्याचे सगळे मूव्ह ६० वर. कंपनीने हे २००६ मधे डायमंड, पर्ल या गेमपासून सुधारलं, प्रत्येक मूव्हला स्वतःचा प्रकार दिला. हॅकमधे तीच सुधारणा मागे फायर रेडमधे नेली जाते. वर २०१३ मधे आलेला फेअरी टाइप, नंतरच्या पिढ्यांचे पोकेमॉन, मूव्ह, क्षमता, सगळं. मित्राने रॅडिकल रेड किंवा अनबाउंड सांगितलं असेल तर दोन्ही फायर रेडवरच बांधलेत, फक्त अनबाउंडमधे नकाशा आणि गोष्ट पूर्ण नवी आहे आणि रॅडिकल रेडमधे आपला ओळखीचाच कांटो हा प्रदेश.

प्रश्न: मी इंजिनीअरिंगला आहे. कंपनीने कोड दिलेला नसताना हे लोक इतके बदल करतात कसे?
(एक विद्यार्थी, पुणे)

उत्तर: आधी अंदाजपंचे करायचे, खरंच. रॉमची फाइल हेक्स एडिटरमधे (फाइलमधले कच्चे आकडे दाखवणारा प्रोग्राम) उघडायची, कुठला बाइट बदलला की काय बिघडतं ते बघायचं, त्यातून कळलं की पिकाचूची ताकद इथे आहे आणि दुकानातल्या वस्तूंची किंमत तिथे. नंतर नकाशे, संवाद बदलायची तयार टूल्स आली पण मूळ यंत्रणेला हात लावणं अवघडच होतं.

मग प्रेट नावाच्या मंडळींनी एक वेडेपणाचं काम केलं. रेड, क्रिस्टल असे गेम उलटे उसवले, म्हणजे मशिनच्या भाषेतून परत माणसाला वाचता येईल असा असेंब्ली कोड काढला, प्रत्येक तुकड्याला नाव दिलं, आणि इमराल्ड, फायर रेडच्या बाबतीत तर थेट सी भाषेपर्यंत गेले. परीक्षा अशी की तो कोड कंपाइल केला की तयार होणारी फाइल मूळ रॉमशी बाइटन् बाइट जुळली पाहिजे. एक बाइट चुकला तरी नापास. तुला सी येत असेल तर तू आज तो कोड उघडून डॅमेज कसं मोजतात ते वाचू शकतोस, आणि हे मी सबमिशनच्या आदल्या रात्री कर असं म्हणत नाहीये.

त्याच्यावर पुढे इमराल्ड एक्सपान्शन नावाचा तयार पाया उभा राहिला, ज्यात नव्या पिढ्यांचे नियम आधीच भरून ठेवलेत. आता नवीन माणसाला लढाईची यंत्रणा पहिल्यापासून लिहावी लागत नाही, तो गोष्ट आणि नकाशावर वेळ घालवतो. अलीकडे चांगले हॅक इतके का वाढले याचं माझ्या मते हे एकच कारण.

प्रश्न: दादा माझा जीव क्रिस्टलमधे अडकलाय. त्याचं कुणी काही केलंय का की सगळे गेमबॉय ॲडव्हान्सच्याच (फायर रेड, इमराल्डचं मशिन) मागे?
(एक वाचक, मस्कत)

उत्तर: केलंय आणि मला विचाराल तर सगळ्यात कष्टाचं काम तिथेच झालंय. क्रिस्टल आठ बिटच्या मशिनवरचा, पोकेमॉनचा नंबर एका बाइटमधे, म्हणजे ० ते २५५ एवढीच जागा आणि त्यातले २५१ आधीच भरलेले. लोकलच्या डब्यात चौथी सीट काढायचा प्रकार. तरी पॉलिश्ड क्रिस्टलने त्यात फिजिकल स्पेशल वेगळं केलं, फेअरी टाइप बसवला, स्वभाव आणि क्षमतासुद्धा आणल्या.

क्रिस्टलचं खरं दुखणं वेगळं होतं, लेव्हलचं. लीगचा, म्हणजे शेवटच्या मोठ्या स्पर्धेचा चॅम्पियन लान्स, त्याचा ड्रॅगनाइट लेव्हल ५० चा, त्यानंतर अख्खा कांटो फिरायचा आणि तिथल्या गवतात अजून किरकोळ लेव्हलचे पोकेमॉन, आणि मग शेवटी डोंगरावर रेड (पहिल्या गेमचा नायक) भेटतो त्याचा पिकाचू ८१! मधली चढण कुणी बांधलीच नाही. दुसरं म्हणजे हाउंडूर, स्लगमा हे या नव्या पिढीचे पोकेमॉन, पण मिळतात जुन्या कांटोमधे, म्हणजे लीग जिंकल्यावर, तेव्हा त्यांना घेऊन करायचं काय. क्रिस्टल लेगसी नावाचा हॅक नेमकं हे लेव्हलचं गणित नीट करतो आणि बाकी मूळ चेहरा शक्यतो तसाच ठेवतो. क्रिस्टल क्लिअर एकदम वेगळा, त्यात कुठल्या गावातून सुरुवात करायची तेही तुम्ही ठरवायचं आणि जिम कुठल्याही क्रमाने. तुम्हाला जुनी आठवण हवीय म्हणून तुम्ही आधी लेगसी घ्या.

प्रश्न: सगळं सोपं करून टाकलं तर मजा काय राहिली? आम्ही कष्टाने खेळलो. हा नवीन पिढीचा आळशीपणा आहे.
(एक नाराज वाचक, सोलापूर)

उत्तर: सोपं कोण म्हणालं! रॅडिकल रेड एकदा खेळून बघा, तिथे लेव्हलला मर्यादा आहे, त्यामुळे गवतात दोन तास फिरून तगडं होऊन यायचं आणि जिम लीडरला चिरडायचं हा आपला लाडका उपाय बंद, आणि समोरचा ट्रेनर डोकं लावून टीम बदलतो. मी तर पहिल्या काही जिममधेच इतक्यांदा हरलो की बायकोने विचारलं ऑफिसमधे काही झालंय का.

आणि कष्ट म्हणजे काय तेही बघा. पहिल्या रेड ब्लूमधे फोकस एनर्जी हा मूव्ह वापरला की क्रिटिकलची (जास्त जोराच्या फटक्याची) शक्यता वाढायच्या ऐवजी कमी व्हायची. १०० टक्के नेम असलेला मूव्हसुद्धा २५६ मधून एकदा हुकायचा. कार्टूनमधे ॲश सायकिक पोकेमॉनवाल्या सब्रीनाला हरवायला मुद्दाम हॉन्टर हा घोस्ट पोकेमॉन शोधायला जातो, आणि गेममधे घोस्टच्या लिक या मूव्हचा सायकिकवर परिणाम शून्य, कारण टाइपच्या कोष्टकात चूक राहून गेली. पोकेमॉन साठवायच्या बॉक्समधे २० झाले की गेममधल्या पीसीवर जाऊन हाताने बॉक्स बदलेपर्यंत नवीन पकडता येत नाही. याला मी कष्ट म्हणणार नाही, या चुका आणि अडचणी होत्या आणि आपण लहान होतो म्हणून खपल्या.

एक मात्र तुमचं मान्य. काही हॅकमधे पहिल्या गवतातच हजारभर पोकेमॉन, हवा तो लगेच मिळतो, आणि मग एकाचंही काही वाटत नाही. मला तेव्हा विरिडियनच्या जंगलात पिकाचू दिसला होता तो प्रसंग अजून आठवतो, कारण तो दिसायला वेळ लागला होता. झाड कापायची कटकट काढा, पण तो वेळ काढू नका, असं माझं या हॅकवाल्यांना सांगणं आहे.

प्रश्न: मुलगा बारावीत आहे आणि रॉम, पॅच असं काय काय डाउनलोड करतो. ही चोरी आहे का? काही धोका?
(एक आई, नाशिक)

उत्तर: ताई, दोन गोष्टी वेगळ्या करा. पॅच ही फक्त फरकांची यादी असते, मूळ गेम त्यात नसतो. ती मूळ रॉमवर चढवली की नवा गेम तयार होतो. पण ती मूळ रॉम वेबसाइटवरून फुकट उतरवली तर तो कॉपीराइटचा भंगच, गेम कितीही जुना असला तरी. स्वतःच्या कार्ट्रिजमधून काढून घ्यायची छोटी यंत्रं मिळतात, सरळ रस्ता तोच.

कंपनी सगळ्यांच्याच मागे लागत नाही पण लागते तेव्हा जोरात. २०१६ मधे प्रिझम नावाचा हॅक कित्येक वर्षांच्या कामानंतर प्रकाशित व्हायच्या तोंडावर नोटीस येऊन थांबला, आणि त्याच वर्षी युरेनियम, जो हॅक नसून वेगळाच फॅन गेम होता, तो १५ लाखांवर डाउनलोड झाल्यावर बनवणाऱ्यांनीच काढून घेतला. धोक्याचं म्हणाल तर पॅचची फाइल लहान असते आणि तिच्या नावाचं शेवटचं टोक बीपीएस, यूपीएस किंवा आयपीएस असं असतं, त्याऐवजी इन्स्टॉल करायचा प्रोग्राम उतरला तर तिथेच थांबवा. आणि हॅक भरून विकायला ठेवलेली कार्ट्रिज घेऊ नका, बनवणारे हे फुकट देतात आणि विकणारा भलताच कुणीतरी असतो.

प्रश्न: माझा फायर रेडचा जुना सेव्ह हॅकमधे चालेल का? १४० तास झालेत त्यात.
(एक वाचक, चिपळूण)

उत्तर: धरून चाल की नाही चालणार. पोकेमॉनची माहिती सेव्हमधे जिथे आणि जशी लिहिलेली असते तीच हॅकमधे बदललेली असते, त्यामुळे एकतर उघडणार नाही किंवा उघडून भलतंच काहीतरी दिसेल. आणि पॅच चढवायच्या आधी रॉम आणि सेव्ह दोन्हीची कॉपी वेगळ्या फोल्डरला टाक, कारण हॅकच्या फाइलला तेच नाव राहिलं तर एम्युलेटर तुझा जुना सेव्ह उचलतो आणि त्याच्यावरच नवा लिहितो.