वाचक विचारतात : महाविद्यालयाच्या निधीतून दरवर्षी किती काढावे?

महाविद्यालयांच्या धर्मादाय प्रतिष्ठानांचा पैसा सांभाळणाऱ्या विश्वस्तांची आणि खजिनदारांची पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. कायदा जागोजागी वेगळा असतो, म्हणून भर हिशेबावर आणि पद्धतीवर आहे. उदाहरणांतले आकडे कोणत्याही चलनात वाचावेत.

प्रश्न : आमच्याकडे साधारण १ कोटीचा कायम निधी आहे. जुने विश्वस्त म्हणतात, मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज आणि लाभांश खर्चायचा. नवे म्हणतात, दरवर्षी ठरावीक टक्के काढू. कोणाचे ऐकावे?

जुन्यांची भूमिका सुरक्षित वाटते, पण तिच्यात एक छुपी गळती आहे. खर्चायला फक्त व्याज मिळणार म्हटल्यावर समितीचा कल आपोआप जास्त व्याज देणाऱ्या रोख्यांकडे जातो. मुद्दल आकड्याने तेवढेच राहते, महागाई मात्र थांबत नाही. ५ टक्के महागाईत २० वर्षांनी १ कोटीची खरेदीशक्ती आजच्या सुमारे ३८ लाखांएवढी उरते. म्हणजे आज दहा विद्यार्थ्यांची फी भरणारा निधी तेव्हा चौघांना कसाबसा पुरेल. अमेरिकेत १९६९ साली फोर्ड फाउंडेशनने प्रसिद्ध केलेल्या दोन अहवालांनी नेमके या सवयीवर बोट ठेवले. व्याज, लाभांश आणि किंमतवाढ हे सगळे मिळून एकच परतावा मानावा आणि त्यातला ठरलेला भाग खर्चावा, ही पद्धत तिथे त्यानंतर रुळली.

तेव्हा नव्यांचे ऐका, पण टक्का कुठून आला ते त्यांना विचारा. दीर्घकाळात ८ टक्के परतावा गृहीत धरला, त्यातून महागाईचे ४ आणि व्यवस्थापन, कस्टडी (रोखे-समभाग सांभाळून ठेवण्याची सेवा) व लेखापरीक्षणाचा पाऊण टक्का वजा केला, तर उरतात सव्वातीन. एवढेच काढले तर निधीची ताकद टिकते. ‘सगळे ४ टक्के काढतात’ हे कारण इतिवृत्तात लिहिण्याजोगे नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे हा टक्का कशावर लावायचा. समजा, लागोपाठच्या चार वर्षअखेरींना बाजारमूल्य ९५ लाख, १ कोटी, १ कोटी २० लाख आणि ९० लाख होते, आणि दर सोयीसाठी ४ टक्के धरला. फक्त शेवटच्या मूल्यावर लावला, तर तिसऱ्या वर्षी ४ लाख ८० हजार मिळतात आणि चौथ्या वर्षी ३ लाख ६० हजार. शिष्यवृत्ती मिळालेल्या मुलीला मधेच ‘यंदा बाजार पडला’ असे सांगता येत नाही. तीन वर्षांच्या सरासरीवर लावला तर तेच आकडे ४ लाख २० हजार आणि सुमारे ४ लाख १३ हजार येतात. जमल्यास वर्षअखेरींऐवजी १२ तिमाह्यांची सरासरी घ्या. एखाद्या विक्षिप्त डिसेंबरचा प्रभाव कमी होतो.

सरासरीलाही खोट आहेच. बाजार पडल्यावर ती मागे रेंगाळते : वरच्या उदाहरणात चौथ्या वर्षी आपण प्रत्यक्षात ९० लाखांच्या ४.६ टक्के काढतो आहोत. म्हणून ठरावात वरची मर्यादा घाला, उदाहरणार्थ चालू मूल्याच्या ५ टक्क्यांहून जास्त कधीच नाही. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाने वेगळी वाट काढली : गेल्या वर्षीच्या खर्चाला ८० टक्के वजन आणि निधीच्या मूल्यावर ठरलेल्या दराला २० टक्के. त्याने खर्च आणखी संथ हलतो. लहान प्रतिष्ठानाला साधी सरासरी पुरते, कारण ती पुढच्या खजिनदारालाही समजते.

प्रश्न : आमच्याकडे ३७ देणगीदारांच्या नावाचे निधी आहेत, पण गुंतवणूक एकाच खात्यात. वर्षाच्या शेवटी नफा मूळ देणगीच्या प्रमाणात वाटतो. लेखापरीक्षकांनी हरकत घेतली आहे. चूक काय?

चूक तारखेत आहे. मार्चमध्ये आलेल्या देणगीला जानेवारीपासूनचा नफा मिळतो आणि दहा वर्षांपूर्वीच्या देणगीची वाढ तिच्या मूळ आकड्यावर मोजली जाते. दरवर्षी थोडे थोडे एका निधीतून दुसऱ्यात झिरपत राहते. दिसत नाही, पण देणगीदाराच्या अटी मोडतात.

उपाय युनिट पद्धतीचा. एकत्र खात्याचे मूल्य ५० लाख असेल तर त्याचे ५,००० युनिट पाडा. प्रत्येक १,००० चे. प्रत्येक निधीला त्याच्या आजच्या वाट्याइतके युनिट द्या. तिमाहीअखेर खाते ५४ लाखांवर गेले, तर युनिट १,०८० चे झाले. त्याच दिवशी ५ लाख ४० हजारांची नवी देणगी आत घेतली, तर तिला ५०० युनिट मिळतील. खाते ५९ लाख ४० हजार, युनिट ५,५००, भाव तोच १,०८०. भाव हलला तर समजा की नोंद चुकली. वर्षाचे वाटपही प्रति युनिट जाहीर करा, म्हणजे ३७ निधींचा हिशेब एका गुणाकारात होतो.

प्रत्यक्षात ही पद्धत तीन ठिकाणी बिघडते. पहिले म्हणजे तिमाहीच्या मध्ये आलेली देणगी जुन्या भावाने आत घेणे. १० फेब्रुवारीला पैसे आले आणि ३१ डिसेंबरचा भाव लावला, तर मधल्या काळातली चढ-उतार इतर ३६ निधींच्या माथी पडते. देणगी तिमाहीअखेरपर्यंत वेगळ्या बचत किंवा लिक्विड (केव्हाही पैसे काढता येणाऱ्या) खात्यात ठेवा. दुसरे म्हणजे आश्वासनालाच देणगी समजून युनिट देणे. युनिट फक्त जमा झालेल्या पैशालाच. तिसरी चूक खरोखर हुशार लोक करतात : वाटपासाठी सरासरी काढताना ती एकूण रकमेवर काढतात. मोठी देणगी आल्यावर मागच्या तिमाह्यांतली कमी रक्कम सरासरीला खाली ओढते आणि नव्या निधीला पहिली तीन वर्षे वाट्याहून कमी मिळते. सरासरी युनिटच्या भावाची काढा, मग हा प्रश्नच उरत नाही.

प्रश्न : २० लाखांच्या एका शिष्यवृत्ती निधीचे मूल्य १७ लाखांवर आले आहे. विद्यार्थ्यांची नावे आधीच जाहीर झाली आहेत. वाटप करावे की नाही?

आधी देणगीपत्र काढा. त्यात ‘मूळ रक्कम कधीही कमी होऊ नये’ असे शब्द असतील, तर समितीच्या इच्छेला फारसा अर्थ नाही. शब्द मोघम असतील तर तुमच्या इथला कायदा काय म्हणतो ते वकिलाकडून लेखी घ्या. कायदे या बाबतीत खरोखर बदलले आहेत. अमेरिकेतल्या १९७२ च्या नमुना कायद्यानुसार (राज्यांनी स्वीकारावा म्हणून तयार केलेला मसुदा) मूळ देणगीच्या आकड्याखाली गेलेल्या निधीतून किंमतवाढ काढता येत नसे. २००६ च्या नव्या नमुना कायद्याने ती रेषा पुसली आणि विश्वस्तांच्या विवेकाची कसोटी आणली. सोबत राज्यांना एक ऐच्छिक कलमही दिले : तीन वर्षांच्या सरासरी मूल्याच्या ७ टक्क्यांहून जास्त खर्च केला, तर तो अविवेकी आहे असे गृहीत धरले जाईल.

कायद्याची परवानगी असली तरी हिशेब करून पाहा. १७ लाखांचे पुन्हा २० लाख व्हायला साडेसतरा टक्क्यांहून जास्त वाढ लागते. परतावा ८ टक्के आणि दरवर्षी ४ टक्के काढत राहिलात, तर चार वर्षांहून थोडा जास्त काळ लागेल. वाटप निम्मे केले तर तीन वर्षांच्या आत. म्हणून पायऱ्यांचा नियम आधीच लिहून ठेवणे बरे : मूळ रकमेहून तूट १० टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण वाटप, २० पर्यंत निम्मे, त्यापुढे बंद. तुमची तूट १५ टक्के आहे, म्हणजे निम्मे. उरलेले महाविद्यालयाच्या बिनशर्त निधीतून भरा, कारण नावे जाहीर करण्यात चूक प्रतिष्ठानाची आहे, विद्यार्थ्यांची नाही. पुढच्या वर्षीपासून वाटपाचा आकडा समितीने मंजूर केल्यावरच यादी लावा. आणि नव्या निधीतून पहिल्या चार तिमाह्यांत काहीच काढू नका. थोडी गादी तयार झाली, तर हा प्रसंग क्वचित येतो.

प्रश्न : मोठी विद्यापीठे खासगी कंपन्या, जमीन, जंगले यांत पैसे घालून भरपूर कमावतात. आमच्या पाच जणांच्या समितीने तसे करावे का?

नाही. १९८५ ते २०२१ येलचा निधी सांभाळलेल्या डेव्हिड स्वेन्सन यांनी हा मार्ग प्रसिद्ध केला, हे खरे. पण त्यांच्यामागे पूर्णवेळ तज्ज्ञांचे कार्यालय होते, वर्षातून चार बैठका घेणारी हौशी समिती नव्हे. अशा गुंतवणुकीत पैसा दहा-बारा वर्षे अडकतो, शिवाय मागतील तेव्हा आणखी भरण्याचे वचन दिलेले असते. २००८ च्या मंदीत हार्वर्डलासुद्धा रोखीची चणचण भासली आणि कर्जरोखे काढून पैसा उभा करावा लागला.

तुमच्या कामाची गोष्ट निराळी आहे : पुढच्या १८ महिन्यांचे वाटप आणि प्रशासकीय खर्च समभागांच्या बाहेर, मुदत ठेवी किंवा अल्पमुदतीच्या रोख्यांत असू द्या. उरलेल्याचे प्रमाण धोरणात लिहा, उदाहरणार्थ ६० समभाग, ४० रोखे, आणि ५ अंकांची सीमा. १०० मधले समभाग ३० टक्क्यांनी वाढले की ७८ आणि ४० असे ११८ होतात. समभागांचा वाटा ६६ टक्के झाला, सीमा ओलांडली. ६० वर आणायला ७.२ विकावे लागतील. आधी वर्षाचे वाटप समभागांतून काढा, नव्या देणग्या रोख्यांत टाका. बहुधा वेगळी विक्री कमी करावी लागते आणि दलालीही वाचते. चढत्या बाजारात समभाग विकायला कोणाचा हात धजत नाही, म्हणूनच नियम आधी लिहायचा.

शुल्काकडेही डोळसपणे पाहा. १ टक्का ऐकायला किरकोळ वाटतो, पण तुम्ही विद्यार्थ्यांना ४ टक्के देत असाल, तर सल्लागाराला त्याच्या चौथाईइतके देत आहात.

प्रश्न : एका विश्वस्तांच्या ओळखीचे गुंतवणूक व्यवस्थापक दरवर्षी जवळपास सारखाच, चांगला परतावा दाखवतात. ते विश्वस्त म्हणतात, विश्वास ठेवा. काय तपासावे?

न हलणारा परतावा हीच पहिली धोक्याची खूण. अमेरिकी गुंतवणूक व्यवस्थापक बर्नार्ड मॅडॉफने केलेली फसवणूक डिसेंबर २००८ मध्ये उघडकीस आली, तेव्हा तो न्यूयॉर्कच्या येशिव्हा विद्यापीठाच्या विश्वस्त मंडळाचा खजिनदार होता, आणि विद्यापीठाचा पैसा दुसऱ्या एका विश्वस्ताच्या फंडातून त्याच्याकडे पोहोचला होता. विवरणपत्रांतली मोठी रक्कम मुळात अस्तित्वातच नव्हती.

तेव्हा विचारा : रोखे आणि समभाग कोणाच्या ताब्यात आहेत? व्यवस्थापक आणि कस्टडियन वेगळे हवेत, आणि शिलकीचे पत्र कस्टडियनकडून थेट तुमच्या पत्त्यावर यायला हवे, व्यवस्थापकाने पाठवलेली प्रत नव्हे. लेखापरीक्षक कोण, हे पाहा. अब्जावधी सांभाळणाऱ्या मॅडॉफचे लेखापरीक्षण एक अगदी लहान कार्यालय करीत असे. आणि ओळख असलेल्या विश्वस्तांनी हितसंबंध लेखी जाहीर करून या विषयापुरते खोलीबाहेर बसावे. गप्प बसून मतदान टाळणे पुरेसे नाही. ते समोर असताना बाकीचे मोकळे बोलत नाहीत.

प्रश्न : नवे वसतिगृह बांधायला महाविद्यालय कायम निधीतून उसने मागते आहे, व्याजासह परत देऊ म्हणते. द्यावे का?

अटी असलेल्या निधीतून अजिबात नाही. बिनशर्त निधीतून द्यायचेच ठरले, तर बँक घेईल तोच व्याजदर, तारण, हप्त्यांचे वेळापत्रक आणि हप्ता चुकल्यास काय, हे करारात लिहा. महाविद्यालयाचे जे लोक तुमच्या मंडळावर आहेत, त्यांना या ठरावावर मत देता येणार नाही. बहुतेक वेळा एवढा करार पुढे ठेवला की मागणी मागे घेतली जाते.

प्रश्न : खजिनदार म्हणून दर महिन्याला नेमके काय पाहू?

तीन आकडे जुळतात का ते पाहा : देणगी नोंदवहीतली जमा, हिशेबाच्या खात्यातली जमा आणि बँकेच्या विवरणपत्रातली जमा. धनादेशावर सही करणाऱ्याने ताळमेळ घालायचा नाही. कार्यालयात एकच लेखनिक असेल, तर ताळमेळ एखाद्या विश्वस्ताने घालावा. न जुळलेली रक्कम ‘किरकोळ फरक’ म्हणून पुढे ढकलू नका, प्रत्येकीपुढे तारीख आणि कारण लिहा. दर तिमाहीला समितीपुढे एकच पान ठेवा : युनिटचा भाव, ठरलेल्या आणि प्रत्यक्ष प्रमाणातला फरक, सर्व शुल्क रकमेत, मूळ रकमेखाली गेलेल्या निधींची यादी आणि वर्षभरात न खर्चलेली वाटपे. शेवटचा रकाना बहुतेक ठिकाणी नसतो, आणि तिथेच जास्त सापडते : ‘अमुक विषयात प्रथम येणाऱ्या विद्यार्थिनीला’ अशी अट असलेला निधी, आणि तो विषयच आठ वर्षांपूर्वी बंद झालेला. अशा वेळी देणगीदार हयात असेल तोवर त्याच्याकडून अट बदलल्याचे पत्र घ्या. नंतर न्यायालयाची पायरी चढावी लागू शकते.