सही माझीच आहे, पण

प्रिय मित्रा,

तुझी रात्री साडेअकराची मेल सकाळी वाचली. आधी हसू आलं, मग आलं नाही. हॉस्पिटलमधल्या नर्सच्या ड्यूटीचा तक्ता, म्हणजे रोस्टर, लावणाऱ्या तुझ्या सॉफ्टवेअरचा सातवा स्प्रिंट (दोन आठवड्यांचा कामाचा टप्पा) चालू असताना हेड नर्स सांगतात की कधीकधी एक शिफ्ट दोघीजणी अर्धी-अर्धी वाटून घेतात, आणि तुझ्या डेटाबेसच्या टेबलात एका शिफ्टला एकच नर्स बसते. ‘हे आत्ता सांगतात?’ असं तू तीनदा लिहिलंयस. आणि शेवटी, ‘पूर्वीसारखं सगळं आधी लिहून, सही घेऊन फ्रीझ केलं असतं तर हे झालंच नसतं.’

मी ते करून बसलेय, म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

गोदामाची सिस्टिम होती. रिक्वायरमेंट, म्हणजे ग्राहकाला काय काय हवं ते, लिहिण्यातच पाच महिने घालवले. प्रत्येक पानाच्या तळाशी ग्राहकाची सही. मला त्या फाइलचा इतका अभिमान की ती मी टेबलावर उभी ठेवायचे, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावी म्हणून. पुढचे नऊ महिने डिझाइन, कोडिंग, टेस्टिंग, सगळं ओळीने. कुणी बदल मागितला की सीआरचा, म्हणजे चेंज रिक्वेस्टचा, फॉर्म पुढे करायचा, दिवस आणि पैसे लावायचे. बहुतेक जण फॉर्म बघूनच गप्प बसायचे. मला वाटायचं, किती शिस्तीत चाललंय काम!

सिस्टिम लागली त्या आठवड्यात मी गोदामात गेले. माल उतरवून घेणारे एक वयस्कर गृहस्थ होते. ऑर्डर शंभर खोक्यांची, गाडीत आली साठ. आमच्या स्क्रीनवर आकडा ऑर्डरशी जुळल्याशिवाय ‘सेव्ह’ होतच नव्हतं. त्यांनी शांतपणे ड्रॉवरमधून वही काढली, साठ लिहिलं, तारीख घातली, वही परत आत. उरलेली चाळीस आली की मग एकदम शंभर भरायचे, तोवर सिस्टिमच्या हिशेबी गोदाम रिकामं. मी म्हटलं, ‘यावर तुमची सही आहे.’ खरंच म्हणाले मी तसं. ते म्हणाले, ‘सही माझीच आहे, पण तेव्हा हे पाहिलं कुठे होतं मी?’

त्या माणसाने खोटं सांगितलं नव्हतं, विसरलाही नव्हता. माल तुकड्यातुकड्याने येतो हे त्याच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की सांगण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलंच नाही. स्क्रीन समोर आली तेव्हा आठवलं. तुझ्या हेड नर्सचंही तेच. त्यांना ते आत्ता सुचलं, कारण तू आत्ता दाखवलंस. पहिल्या महिन्यात दाखवलं असतंस तर पहिल्या महिन्यात सुचलं असतं. म्हणून चालणारं दाखव. अर्धं असलं तरी, कुरूप असलं तरी, चालणारं दाखव.

तू म्हणशील, सहा स्प्रिंट डेमो दिलेच की. कुणाला दिलेस? मेलमध्येच आहे उत्तर: ‘क्लायंटच्या आयटी टीमला.’ त्यातले किती जण रोस्टर लावतात? आणि माउस कुणाच्या हातात होता? तुझ्याच. स्वतःच्या हाताने चालवलेला डेमो म्हणजे कौतुक सोहळा. पंधरा मिनिटांचा स्टँडअप (रोजची उभ्याउभ्या मीटिंग), बोर्डावर सरकणाऱ्या चिठ्ठ्या, दोन आठवड्यांचे स्प्रिंट हे सगळं पाळूनही तुमचं आतून जुनंच चाललंय: पहिले तीन स्प्रिंट डेटाबेस, मग एपीआय (डेटाबेस आणि स्क्रीनमधला दुवा), मग स्क्रीन. धबधबाच (वॉटरफॉल) तो, एक टप्पा संपल्यावरच पुढचा; फक्त दर पंधरवड्याला बादली भरून आणताय.

गंमत म्हणजे, ज्या आकृतीला धबधबा म्हणून आपण शिव्या घालतो ती संगणकतज्ज्ञ विन्स्टन रॉइस यांच्या 1970 सालच्या निबंधातली. ती आकृती मांडून खाली त्यांनीच लिहिलं होतं की असं काम करणं धोक्याचं आहे, टेस्टिंग शेवटी येतं आणि तिथेच सगळं कोसळतं. लोकांनी चित्र उचललं, मजकूर सोडला. पुढे फेब्रुवारी 2001मध्ये अमेरिकेत युटा राज्यातल्या स्नोबर्डला सतरा जण जमले आणि अ‍ॅजाइलचा (थोडं थोडं चालतं करून दाखवत, बदल सामावून घेत काम करण्याच्या पद्धतीचा) जाहीरनामा लिहिला गेला. त्याच्या बारा तत्त्वांतलं दुसरंच सांगतं की काम शेवटाकडे आलेलं असलं तरी बदलत्या गरजांचं स्वागत करा. तेही लोकांनी भिंतीवर लावलं आणि सोडून दिलं.

स्वागत फुकट होत नाही, हेही सांगते. टेबल बदलायला तुला भीती वाटतेय, कारण टेस्ट नाहीत. बरोबर ना? कुठलं काय मोडेल ठाऊक नाही, म्हणून बदल शत्रू वाटतो. टेस्ट आपोआप चालत असतील आणि सगळ्यांचा कोड रोज एकत्र (मर्ज) होत असेल, तर हा दोन-तीन दिवसांचा प्रश्न आहे. नसेल तर आठवडा जाईल. जाऊ दे. हेड नर्सवर राग काढू नकोस.

आणि मला ‘प्लॅनिंगच्या विरोधात असलेली बाई’ म्हणतात ते तुझ्याही कानावर आलं असेल. मी विरोधात नाही. जिथे नियम पक्के आहेत, चूक झाली तर जीव जाईल, तिथे आधी बसून नीट लिहिलंच पाहिजे. पण गोदामानंतरच्या प्रोजेक्टला मी अडून बसले की दर दोन आठवड्यांनी खरा वापरणारा माणूस खुर्चीत बसलाच पाहिजे. त्यापायी तारीख महिनाभर पुढे गेली. माझी बढती त्या वर्षी अडली, कारण कागदावर ‘स्कोप (कामाची व्याप्ती) आवरता आला नाही’ असं आलं. पण त्या सिस्टिमच्या शेजारी कुणी वही ठेवली नाही. मी मुद्दाम सहा महिन्यांनी जाऊन ड्रॉवर उघडून पाहिला होता. (हे सांगताना अजून थोडी फुशारकी येते आवाजात, चालवून घे.)

तर या आठवड्यात एवढंच कर. सगळं रोस्टर नको. एक वॉर्ड, एक रात्रपाळी, दोघी नर्स, चार-चार तास. स्क्रीनपासून टेबलापर्यंत एवढी एकच चिंचोळी पट्टी चालती कर. रजा, रिपोर्ट, रंग, काही नको. शुक्रवारी हेड नर्सना बोलाव, शक्य असेल तर रोस्टर प्रत्यक्ष लावणाऱ्या एखाद्या सिस्टरलाही. त्यांचाच मागच्या आठवड्याचा कागदी तक्ता घेऊन यायला सांग आणि तोच भरायला लाव. माउस त्यांना दे. स्वतः मागे बस, तोंड मिटून. त्या अडखळल्या तरी ‘इथे क्लिक करा’ म्हणायचं नाही. कुठे अडखळल्या ते लिहून ठेव.

आणि निघताना त्यांच्या पर्समधून किंवा खिशातून एखादी चिठ्ठी बाहेर येते का बघ. आली, तर तिच्यावर काय लिहिलंय ते मला त्याच रात्री कळव. साडेअकरा वाजले तरी चालेल.

तुझी,
गोदामवाली